पूरविमा आणि घरमालक : अमेरिकेतील एका कायद्याची पूर्वपीठिका (१९२७–१९७३)

विमा या संस्थेचा इतिहास म्हणजे मनुष्याने एकेक संकट मोजून त्याचे मोल ठरविण्याचा इतिहास होय. सागरी वाहतूक, अग्नी, मृत्यू, अपघात ही संकटे क्रमाक्रमाने विमेवाल्यांच्या कोष्टकांत बसत गेली; पूर मात्र दीर्घकाळ त्या कोष्टकांबाहेर राहिला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विम्याचा धंदा विसाव्या शतकात अतोनात फोफावला. असे असूनही तेथील सामान्य घरमालकास पुराविरुद्ध विमा उतरविण्याची सोय १९६८ च्या कायद्यापर्यंत व्यवहारतः नव्हती, आणि ती झाल्यावरही प्रारंभीची चार-पाच वर्षे त्याने तिच्याकडे जवळजवळ पाठच फिरविली. या दोन घटनांची कारणे भिन्न आहेत. तथापि पहिल्या घटनेच्या चर्चेत जी गृहीते रूढ झाली तीच दुसरीच्या स्पष्टीकरणासाठी पुढे वापरण्यात आली आणि त्यांच्या आधाराने १९७३ चा सक्तीचा कायदा उभा राहिला. ही गृहीते कितपत खरी होती, याचा विचार येथे करावयाचा आहे.

खाजगी विमा कंपन्यांचा पुराविषयीचा आक्षेप समजण्यास कठीण नाही. आग एका घरास लागते. क्वचित् एका आळीस लागते. हजार घरांचे हप्ते गोळा करून त्यांतून एका घराची भरपाई देणे हा अग्निविम्याचा हिशेब. पुराचे तसे नाही. नदी फुटली की हजारच्या हजार घरे एका रात्रीत पाण्याखाली जातात, आणि ज्यांच्या हप्त्यांतून भरपाई द्यावयाची तेच सारे भरपाईचे मागणीदार होऊन बसतात. शिवाय टेकडीवर राहणारा मनुष्य पूरविमा घेणार नाही. घेईल तो नदीकाठचा. म्हणजे विमेदारांत धोक्याचीच माणसे तेवढी उरतात. हा दुहेरी दोष ठाऊक असूनही १९२० नंतरच्या दशकात काही अमेरिकन अग्निविमा कंपन्यांनी पूरविमा विकून पाहिला होता. १९२७ च्या वसंत ऋतूत मिसिसिपी नदीने तटबंध फोडले, सुमारे २७,००० चौरस मैल प्रदेश बुडविला आणि सहा लाखांहून अधिक माणसांना घरांतून बाहेर काढले. पुढच्या वर्षी पुन्हा पूर आले. १९२८ संपण्याच्या सुमारास जबाबदार म्हणता येईल अशी एकही कंपनी या व्यवहारात उरली नव्हती.

त्याच १९२८ साली काँग्रेसने, म्हणजे तेथील विधिमंडळाने, पूरनियंत्रणाचा कायदा करून मिसिसिपीच्या बांधबंदिस्तीचे काम मध्यवर्ती सरकारच्या अंगावर घेतले. याच कायद्यात असे एक कलम घातले गेले की, पुरामुळे होणाऱ्या कोणत्याही हानीचे दायित्व सरकारवर राहणार नाही. बांध सरकारने बांधावा, तो फुटल्यास नुकसान मात्र ज्याचे त्याने सोसावे, असा हा व्यवहार होता. या कलमाची आठवण पुढे २००५ नंतर न्यू ऑर्लीन्सच्या रहिवाशांना न्यायालयात कडवटपणे करून घ्यावी लागली. परंतु तो पुढचा भाग. १९३६ च्या कायद्याने पूरनियंत्रण हे सर्व देशापुरते मध्यवर्ती सरकारचे कर्तव्य ठरले आणि धरणे, तटबंध, कालवे यांचे युग सुरू झाले. या धोरणातील मूळ उणीव ज्याने प्रथम नेमकी हेरली तो गिल्बर्ट व्हाइट हा भूगोलाचा अभ्यासक. शिकागो विद्यापीठास १९४२ मध्ये सादर केलेल्या आणि १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रबंधाचे प्रतिपादन असे की, नदीस मनुष्यापासून दूर ठेवणे हा पुराशी जुळवून घेण्याच्या अनेक मार्गांपैकी केवळ एक मार्ग आहे. घर उंचावर बांधणे, सखल जमिनीचा उपयोग बदलणे, वेळीच इशारा देणे आणि विमा उतरविणे हेही मार्गच होत. बांध उभारला की त्याच्या आडोशाने नवी वस्ती होते, आणि बांधाच्या उंचीहून मोठा पूर आला की पूर्वीपेक्षा अधिक नुकसान होते, हे त्याने दाखवून दिले. विमा हा स्वतंत्र तोडगा म्हणून नव्हे, तर जमिनीच्या उपयोगाशी बांधलेला एक उपाय म्हणून या विवेचनात येतो. हा भेद पुढील सर्व इतिहासात महत्त्वाचा आहे.

१९५१ च्या जुलैत कॅन्सस व मिझूरी या राज्यांत भीषण पूर आला. अध्यक्ष ट्रूमन हे स्वतः मिझूरीचे. १९५२ मध्ये त्यांनी राष्ट्रीय पूरविम्याची योजना काँग्रेसपुढे ठेवली. विमा कंपन्यांचे म्हणणे एकच : हे संकट विमायोग्य नाही. काँग्रेसने काही केले नाही.

१९५५ च्या ऑगस्टमध्ये मात्र चक्रीवादळांनी हा प्रश्न न टाळण्याजोगा करून ठेवला. ‘कॉनी’ हे वादळ १२ ऑगस्टला उत्तर कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर आले. त्याने ईशान्येकडील राज्यांची जमीन पाण्याने तुडुंब करून सोडली. पाचच दिवसांनी ‘डायॅन’ आले. किनाऱ्यावर येईपर्यंत त्याचा जोर ओसरला होता, वाऱ्याने झालेली हानी बेताचीच होती, आणि वृत्तपत्रांनी त्याचा निरोपही घेऊन टाकला होता. परंतु त्याचा पाऊस आधीच भिजलेल्या डोंगराळ मुलखावर पडला. १८ व १९ ऑगस्टला कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स व पेन्सिल्व्हेनिया या राज्यांतील लहान लहान नद्यांनी गिरणगावांच्या पेठा वाहून नेल्या. सुमारे १८० माणसे मेली आणि ऐंशी कोटी डॉलरांहून अधिक हानी झाली. चक्रीवादळ हे समुद्रकाठचे व वाऱ्याचे संकट होय, या रूढ समजुतीस येथे तडा गेला. समुद्रापासून दूर, नदीच्या अरुंद खोऱ्यात राहणारा मनुष्यही त्याचा बळी ठरू शकतो हे दिसून आले.

या प्रसंगी घरमालकाची जी अवस्था झाली तिचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. कारण पुढील कायद्यांचा विषय तीच आहे. १९३४ नंतर सरकारी हमीच्या दीर्घ मुदतीच्या कर्जांवर घर घेण्याची पद्धत अमेरिकेत सार्वत्रिक झाली होती. गिरणीत काम करणाऱ्या कुटुंबाची सारी बचत त्या घरात गुंतलेली असे आणि घर धनकोकडे गहाण असे. धनकोच्या आग्रहावरून अग्निविमा घेतलेला असे; त्यातच वाऱ्याच्या हानीचीही जोड असे. पाण्याचा मात्र त्यात स्पष्ट अपवाद असे. वाऱ्याने छप्पर उडाले तर भरपाई मिळे; पाण्याने पायासकट घर नेले तर काहीच मिळत नसे. घर गेले तरी गहाणखत जात नाही. ज्या जागेवर आता केवळ गोटे व गाळ आहे तिच्यापायी दरमहा हप्ता भरीत राहणे, अथवा दिवाळे काढणे, अथवा जुन्या कर्जाच्या डोक्यावर पुनर्बांधणीचे नवे कर्ज काढणे, एवढेच मार्ग त्याला उरत. सरकारी मदत म्हणून जे मिळे तेही बहुतांशी कर्जच.

ईशान्येकडील प्रतिनिधींच्या आग्रहाने १९५६ मध्ये मध्यवर्ती पूरविमा कायदा संमत झाला आणि अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यावर सही केली. योजनेसाठी स्वतंत्र प्रशासनही नेमले गेले. पण १९५७ मध्ये तिच्यासाठी पैसा मंजूर करण्याची वेळ आली तेव्हा काँग्रेसने तो नाकारला. एकही विमापत्र विकले न जाता योजना संपली. या अपयशाचा दोष बहुधा काटकसरीच्या राजकारणास दिला जातो, व तो काही अंशी योग्यही आहे. परंतु योजनाच कच्ची होती. कोणत्या घराला किती धोका, हे सांगणारे नकाशे नव्हते; नकाशे नाहीत म्हणून दर नव्हते; आणि पूरभूमीवर नवी घरे बांधण्यास पुरेसा अटकाव करणारी तरतूद नव्हती. व्हाइटच्या दृष्टीने पाहिले असता या मृत कायद्याबद्दल फारसा शोक करण्याचे कारण दिसत नाही.

दहा वर्षे अशीच गेली. ९ सप्टेंबर १९६५ च्या रात्री ‘बेट्सी’ हे चक्रीवादळ लुइझियानाच्या किनाऱ्यावर आदळले. न्यू ऑर्लीन्समध्ये औद्योगिक कालव्याचे तटबंध फुटले आणि लोअर नाइन्थ वॉर्ड ही वस्ती रात्रीतून वळचणीपर्यंत बुडाली. या वस्तीत स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्या कृष्णवर्णीय कामगार कुटुंबांचे प्रमाण मोठे होते. पाणी चढू लागले तशी माणसे माळ्यावर गेली. काही तेथेच बुडून मेली. दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष जॉन्सन शहरात आले व आश्रयास जमलेल्या लोकांना अंधाऱ्या शाळेत जाऊन भेटले. एक अब्ज डॉलरांहून अधिक हानी करणारे पहिले चक्रीवादळ म्हणून बेट्सीची नोंद आहे. त्यापाठोपाठ जो मदतीचा कायदा झाला त्यात दोन गोष्टी होत्या : आपद्ग्रस्तांच्या सरकारी कर्जातील १,८०० डॉलरपर्यंतची रक्कम माफ करण्यात आली, आणि पूरविमा शक्य आहे की नाही याची चौकशी करण्याचा आदेश देण्यात आला.

या चौकशीतून १९६६ मध्ये जे अहवाल बाहेर पडले त्यांत दोन भिन्न मनोवृत्ती दिसतात. मॅरियन क्लॉसन या अर्थशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखालील पाहणीने पूरविमा शक्य व इष्ट असल्याचा निर्वाळा दिला. मात्र जुन्या घरांच्या मालकांना खरा दर परवडणार नाही म्हणून त्यांच्या हप्त्याचा काही भार सरकारने उचलावा असे सुचविले. दुसरा अहवाल गिल्बर्ट व्हाइटच्या अध्यक्षतेखालील कृतिदलाचा. त्याचा सूर सावध होता. विमा चुकीच्या रीतीने लागू केला तर तो पूरहानी कमी करण्याऐवजी वाढवील. म्हणून आधी मर्यादित क्षेत्रात प्रयोग करून पाहावा, असा त्याचा इशारा होता. मूळ तंटा तत्त्वाचा नसून क्रमाचा होता : आधी जमिनीचे नियमन की आधी भरपाई? काँग्रेसने दोन्ही एकदम करण्याचे ठरविले, आणि राजकारणात असा निर्णय बहुधा जी गोष्ट सोपी तिच्याच बाजूने झुकतो.

१ ऑगस्ट १९६८ रोजी गृहनिर्माण कायद्याचा एक भाग म्हणून संमत झालेल्या राष्ट्रीय पूरविमा कायद्याचे स्वरूप कराराचे आहे. गावाने अथवा नगराने पूरभूमीवरील बांधकामाचे नियम करावेत. त्याच्या मोबदल्यात तेथील रहिवाशांना विमा घेण्याची मुभा मिळावी. नकाशा होण्यापूर्वीच्या घरांना सवलतीचा दर. नंतरच्या घरांना विमागणिताने येणारा खरा दर. एका कुटुंबाच्या घरासाठी सवलतीच्या दराने १७,५०० डॉलरपर्यंत व आतील सामानासाठी ५,००० डॉलरपर्यंत विमा मिळे. जुनी घरे कालांतराने मोडतील आणि सवलत आपोआप संपेल, असा यामागील हिशेब होता. घरे अपेक्षेपेक्षा दीर्घायुषी निघाली.

नियमनाची रेषा कोठे आखावी, हा प्रश्न १९६८ च्या डिसेंबरात शिकागो विद्यापीठात भरलेल्या तज्ज्ञांच्या परिसंवादापुढे आला. तेथे ज्या पुराची शक्यता दरवर्षी शंभरात एक, तो पूर प्रमाण म्हणून सुचविण्यात आला. ही निवड म्हणजे व्यवहारी तडजोड होती. परंतु ‘शंभर वर्षांचा पूर’ हे तिचे लोकप्रिय नाव फार घातक ठरले. एकदा येऊन गेला की शंभर वर्षे निश्चिंती, असा त्याचा अर्थ सामान्य मनुष्य लावतो. वस्तुतः तीस वर्षांच्या गहाणाच्या मुदतीत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता शेकडा २६ आहे.

१९६९ च्या ऑगस्टमध्ये ‘कमील’ वादळाने मिसिसिपीचा किनारा उद्ध्वस्त केला तेव्हा योजनेत दाखल झालेली गावे बोटांवर मोजण्याइतकीच होती. कारण सविस्तर नकाशाविना प्रवेश नव्हता आणि नकाशांस वर्षे लागत. त्याच वर्षअखेर नकाशापूर्वीच विमा देणारी ‘आणीबाणीची’ योजना जोडण्यात आली. आधी भरपाई, नियमन मागाहून, हा क्रम येथे उघडपणे स्वीकारला गेला.

खरी कसोटी १९७२ मध्ये लागली. ‘ॲग्नेस’ हे वादळ म्हणून क्षुल्लक होते. १९ जूनला फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर ते जेमतेम चक्रीवादळाच्या दर्जाने आले, पुढे क्षीण झाले, पुन्हा समुद्रावर जाऊन न्यूयॉर्कजवळ जमिनीवर चढले आणि पेन्सिल्व्हेनियावर रेंगाळले. सस्क्वेहॅना नदीच्या काठी विल्क्स-बॅरी हे जुने कोळसाखाणींचे शहर आहे. १९३६ च्या पुरानंतर तेथे तटबंध उभारले गेले होते. ते सुमारे ३७ फूट पातळीपर्यंतच्या पुरास पुरेसे होते. २३ जूनच्या सकाळी हजारो नागरिक वाळूच्या पोत्यांनी त्यांची उंची वाढवीत होते. नदी ४०.९ फुटांपर्यंत चढली. वायोमिंग खोऱ्यातील सुमारे २५,००० घरे व दुकाने पाण्यात गेली. फोर्टी फोर्ट येथील दफनभूमी फुटून सुमारे दोन हजार शवपेट्या वाहून गेल्या आणि लोकांच्या अंगणांत येऊन पडल्या. पूरविम्याचा कायदा होऊन चार वर्षे उलटली होती. या शहरात त्या दिवशी अवघी दोन पूरविमापत्रे अस्तित्वात होती.

दोनच का, या प्रश्नाचे जे उत्तर वॉशिंग्टनमध्ये सर्वमान्य झाले ते असे की, लोकांना फुकटच्या मदतीची चटक लागली आहे; मदत मिळणारच असेल तर विमा कोण घेतो? या उत्तरास पुष्टी देणारी घटनाही लगोलग घडली. १९७२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसने आपद्ग्रस्तांना सरकारी कर्जातील पहिले ५,००० डॉलर माफ केले आणि उरलेल्या रकमेवर शेकडा १ व्याज लावले. विमा घेणारा शहाणा की न घेणारा, असा प्रश्न कोणासही पडावा अशीच ही तरतूद होती. तथापि कालक्रम ध्यानात घेतला म्हणजे या उत्तरातील दोष दिसतो. ही उदार सवलत पुरानंतर दोन महिन्यांनी जाहीर झाली. पुरापूर्वी विमा न घेणाऱ्याला ती ठाऊक असणे शक्य नव्हते. १९६५ ची १,८०० डॉलरांची माफी हा दाखला होता खरा. परंतु पेन्सिल्व्हेनियातील खाणकामगाराने लुइझियानासाठी केलेल्या कायद्यातील कलमाचा हिशेब करून विमा नाकारला, असे मानण्यास काही आधार नाही. याहून साधे कारण डोळ्यांपुढे होते. तो तटबंध होय. १९३६ पासून शहर त्याच्या आडोशाला होते. नदी चढे, उतरे, आणि बांध टिकून राही. ज्या सरकारने बांध बांधून शहर सुरक्षित म्हटले तेच सरकार आता विमा घ्या म्हणते, यातील विसंगती रहिवाशांना सांगावी कोणी?

पुढे हॉवर्ड कुनरॉयथर व त्याचे सहकारी यांनी पूरप्रवण भागांतील दोन हजारांहून अधिक घरमालकांच्या मुलाखती घेऊन १९७८ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले ते याच दिशेने जातात. विमा न घेतलेल्यांपैकी बहुसंख्यांना सरकारी मदतीची अपेक्षाच नव्हती. कित्येकांना असा विमा मिळतो हेच माहीत नव्हते. धोका आपल्यापुरता नाही असे समजून बहुतेकांनी त्याचा विचार केला नव्हता. ज्यांनी विमा घेतला त्यांच्या निर्णयात, विमा घेतलेला कोणी परिचित असणे ही गोष्ट कोणत्याही हिशेबापेक्षा अधिक परिणामकारक ठरली होती. शेजाऱ्याने घेतला म्हणून घेतला. विल्क्स-बॅरीत अशा प्रकारे दाखला घ्यावा असे शेजारी दोनच होते.

हे निष्कर्ष हाती येण्यापूर्वीच निर्णय झाला होता. १९७३ च्या कायद्याने ऐच्छिक विम्याचे युग संपविले. नकाशावर विशेष धोक्याच्या म्हणून दाखविलेल्या क्षेत्रात सरकारी हमीचे अथवा सरकारी देखरेखीखालील बँकेचे कर्ज घेऊन घर घ्यावयाचे तर पूरविमा आवश्यक ठरला. जी गावे योजनेत येणार नाहीत त्यांची अशा क्षेत्रांतील मध्यवर्ती मदत बंद करण्याचे ठरले. जमीनमालकांच्या संघटनांनी याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, परंतु १९७८ मध्ये कायदा वैध ठरला. तत्पूर्वीच, १९७७ मध्ये, सिनेटर ईगल्टन यांच्या दुरुस्तीने योजनेबाहेरील गावांतील बँकांवरचे बंधन शिथिल झाले होते. संख्येच्या दृष्टीने सक्ती यशस्वी झाली यात शंका नाही. आज बावीस हजारांहून अधिक गावे व नगरे या योजनेत आहेत.

परंतु सक्तीने विम्याचा अर्थ बदलला. घरमालकाने आपल्या संकटाचा अंदाज घेऊन करावयाची गोष्ट ती धनकोच्या कागदपत्रांतील एक कागद झाली. कर्ज फिटले की सक्ती संपते, आणि विमाही पुष्कळदा तेथेच सोडला जातो. म्हणजे आयुष्यभर हप्ते भरून घर मोकळे केलेला वृद्ध मालक उघडा पडतो. ज्या बांधास प्रमाणित पुरापुरता मान्यता मिळाली आहे त्याच्यामागची जमीन सक्तीच्या क्षेत्राबाहेर धरली जाते. विल्क्स-बॅरीचा धडा येथे उलटाच वाचला गेला. आणि नकाशावरील रेषेपलीकडच्या मनुष्याने ‘सक्ती नाही’ याचा अर्थ ‘धोका नाही’ असा लावला. २०१७ च्या ऑगस्टमध्ये ‘हार्वी’ वादळाच्या पावसाने टेक्ससमधील हॅरिस काउंटीत सुमारे १,५४,००० घरांत पाणी शिरले. त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश घरे एक टक्क्याच्या रेषेबाहेर होती आणि बहुसंख्य घरांना पूरविमा नव्हता. वाऱ्याचा विमा खाजगी कंपनीकडे व पाण्याचा सरकारकडे, या १९५५ पासून चालत आलेल्या विभागणीचे फळ २००५ च्या ‘कट्रीना’नंतर मिसिसिपीच्या किनाऱ्यावर दिसले. जेथे केवळ जोते उरले होते तेथे घर आधी वाऱ्याने पडले की पाण्याने, हा वाद वर्षानुवर्षे न्यायालयांत चालला; सिनेटर ट्रेंट लॉट यांच्यासारख्या वजनदार माणसालाही आपल्या विमा कंपनीवर दावा लावावा लागला. त्या एका वर्षाच्या वादळांची भरपाई देताना योजना जी सरकारी तिजोरीची ऋणको झाली ती कायमचीच. २०१७ मध्ये १६ अब्ज डॉलरांचे ऋण माफ करूनही २० अब्जांहून अधिक शिल्लक राहिले. २०२१ पासून घराघराचा धोका स्वतंत्रपणे मोजून दर ठरविण्याची पद्धत लागू झाली. क्लॉसन व व्हाइट या दोघांनाही जे हवे होते ते पंचावन्न वर्षांनी आले, तेव्हा अनेक जुन्या मालकांना त्याचा हप्ता पेलेनासा झाला होता.

विल्क्स-बॅरीचे तटबंध ॲग्नेसनंतर तीन दशकांनी सुमारे ४१ फुटांच्या पुरापुरते उंच करण्यात आले. २०११ च्या सप्टेंबरात ‘ली’ या वादळाच्या पावसाने सस्क्वेहॅना नदी ४२.६६ फुटांपर्यंत, म्हणजे १९७२ च्याही वर, चढली. बांधाची राखीव उंची कामी आली आणि शहर वाचले. त्याच नदीवर काही मैल वर वेस्ट पिट्स्टन हे गाव आहे. तेथे तटबंध नव्हता. त्या गावातील शेकडो घरांत पाणी शिरले.